आर्ल पाहायचं तर मुक्कामाला जा

आव्हिन्योंहून सकाळच्या गाडीने यायचं, रोमन आखाडा बघायचा, चित्रकार व्हॅन गॉगने रंगवलेल्या पिवळ्या कॅफेसमोर फोटो काढायचा आणि चारच्या गाडीने परत फिरायचं. दक्षिण फ्रान्सच्या सहलीत आर्लच्या वाट्याला बहुतेक वेळा एवढंच येतं. गंमत अशी की हे या गावाचे नेमके सगळ्यांत वाईट तास. दुपारी चुनखडीच्या भिंतींवरून ऊन थेट डोळ्यांत येतं, बरीच दुकानं जेवणासाठी बंद असतात आणि आपल्यासारखेच दिवसभराचे पाहुणे एकमेकांच्या फोटोत येत राहतात. सकाळी आठचं आणि रात्री नऊचं आर्ल वेगळं आहे. ते मुक्काम केल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून पहिली सूचना: इथे चार रात्री राहा. दुसरी सूचना: मंगळवारी संध्याकाळी पोहोचा आणि शनिवारी दुपारी निघा. वाराचा हा हट्ट उगाच नाही. आसपासच्या गावांना जाणाऱ्या बस रविवारी फारच कमी असतात आणि आर्लचा मोठा बाजार शनिवारी सकाळी भरतो. असे चार दिवस धरले की दोन्ही गणितं सुटतात.

निघण्याआधी

एप्रिल ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सहज पस्तिशी ओलांडतो. शिवाय जुलैत इथला छायाचित्र महोत्सव सुरू होतो. तो १९७० पासून भरतो आणि त्याच्या पहिल्या आठवड्यात गावात खोली मिळणं कठीण. छायाचित्रणाची आवड असेल तर मुद्दाम तेव्हाच जा, पण खोली काही महिने आधी घेऊन ठेवा. ईस्टरला आणि सप्टेंबरात ‘फेरिया’ म्हणजे बैलांचे उत्सव असतात, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

हवामानाचा अंदाज बघताना तापमानाइतकंच वाऱ्याकडे लक्ष द्या. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा कोरडा, थंड वारा सुटतो. खोरं नरसाळ्यासारखं काम करतं आणि झोत कधी कधी ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो. आकाश निळंशार, ऊन लख्ख आणि अंगात हुडहुडी, असा अनुभव मे महिन्यातही येतो. इथल्या जुन्या शेतघरांच्या उत्तरेच्या भिंतीला खिडक्या का नसतात आणि शेतांच्या कडेला सायप्रसची झाडं भिंतीसारखी का लावलेली असतात, हे मिस्त्रालमध्ये एक तास काढला की आपोआप कळतं. विंडचीटर घ्याच. छत्री उघडायच्या भानगडीत पडू नका.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीच्या वेळा पटापट संपतात, तेव्हा तिकिटांच्या आधी तिकडे बघा.

खोली जुन्या गावातच घ्या. आर्लची गंमत अशी की नगरपालिकेची हद्द सुमारे ७५९ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा मोठी आणि वस्ती जेमतेम पन्नास हजार. कामार्गच्या पाणथळीचा मोठा भाग याच हद्दीत येतो. त्यामुळे ‘आर्लमध्ये’ म्हणून घेतलेली स्वस्त खोली एखाद्या भातशेतात निघू शकते. जुनं गाव मात्र पंधरा-वीस मिनिटांत पायी पार होतं. तिथे गाडी अडचणच करते.

पोहोचायचं कसं

पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान गाडीने आव्हिन्यों, साधारण पावणेतीन तास. इथे नवखे हमखास चुकतात. आव्हिन्योंला दोन स्टेशनं आहेत. टीजीव्ही थांबते ते गावाबाहेरचं आणि आर्लच्या गाड्यांचं मुख्य स्टेशन म्हणजे गावातलं ‘आव्हिन्यों सांत्र’. दोन्हींच्या मध्ये पाच-सात मिनिटांची छोटी रेल्वे आहे, टॅक्सी करायची गरज नाही. सांत्रवरून आर्ल वीस मिनिटांवर. दिवसातून मोजक्या टीजीव्ही पॅरिसहून थेट आर्ललाही येतात, त्यांना सुमारे चार तास लागतात. सामान जड असेल तर त्याच बऱ्या. मार्सेयहून यायचं तर तासाभराचा प्रवास.

टीजीव्हीचं तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त. टीईआर या स्थानिक गाड्यांना आरक्षण नसतं, त्यांचं तिकीट त्या दिवशी काढलं तरी चालतं.

पहिली संध्याकाळ: नदीकाठ

स्टेशनवरून गावाकडे चालत निघालात की पाच मिनिटांत प्लास लामार्तिन हा चौक लागतो. व्हॅन गॉगचं ‘पिवळं घर’ इथे होतं. १९४४ मध्ये दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यात ते पडलं, पण चित्रात त्याच्या मागे दिसणारी उंच इमारत अजून उभी आहे. चित्राची प्रतिकृती असलेला फलक तिथे लावलाय. फलक आणि इमारत एकत्र नजरेत आले की घर कुठे होतं ते कळतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर हिरमोड होणार नाही. या गावाच्या मालकीचं व्हॅन गॉगचं एकही चित्र नाही. २० फेब्रुवारी १८८८ ला तो इथे आला, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात गेला आणि एवढ्या काळात त्याने चित्रं नि रेखाटनं मिळून तीनशेच्या आसपास कामं केली. ती सगळी ॲमस्टरडॅम, पॅरिस, लंडन, अमेरिका अशी पांगली. गावात त्याच्या नावाची संस्था आहे, तिथे उसनं आणलेलं एखादं चित्र असतं, बाकी प्रदर्शनं आजच्या चित्रकारांची. तेव्हा चित्रं बघायची तर पॅरिसला ओर्से संग्रहालयात आधी बघून या. इथे बघायचा तो त्यामागचा उजेड.

त्यासाठी सूर्यास्तानंतर नदीच्या धक्क्यावर जा. प्लास लामार्तिनच्या जवळच ती जागा आहे, जिथून त्याने सप्टेंबर १८८८ मध्ये ऱ्होनवरची तारांकित रात्र रंगवली. जूनमध्ये अंधार पडायला दहा वाजतात, म्हणून जेवून मगच निघा. चित्रात पाण्यावर सप्तर्षी आहेत. प्रत्यक्षात तुम्ही नैर्ऋत्येकडे तोंड करून उभे असता आणि सप्तर्षी पाठीमागे, उत्तरेला. त्याने सरळ उचलून समोर आणून ठेवले. मला ही लबाडी फार आवडते.

बुधवार: रोमन गाव

सकाळी दारं उघडायच्या वेळी आखाड्याच्या खिडकीवर हजर राहा. इथेच सगळ्या वास्तूंचा एकत्रित पास मिळतो. दोनपेक्षा जास्त ठिकाणं बघणार असाल तर तोच परवडतो.

आर्लला एवढं रोमन वैभव आलं ते राजकारणातून. सीझर आणि पॉम्पी या रोमन सेनानींच्या यादवीत शेजारचं बलाढ्य मार्सेय पॉम्पीकडे झुकलं. आर्लने इसवी सनपूर्व ४९ मध्ये सीझरला बारा जहाजं बांधून दिली. मार्सेय हरलं, त्याचा मुलूख आर्लला मिळाला आणि सहाव्या लीजनचे निवृत्त सैनिक इथे वसवले गेले. नगरपालिकेच्या निवडणुकीत बरोबर गटाला मत द्यावं, तसा प्रकार.

आखाडा इसवी सन ९० च्या सुमाराचा, लांबी १३६ मीटर, साठ-साठ कमानींचे दोन मजले. वीस हजार माणसं बसत. पण मला त्यातली रोमन गोष्ट नाही, नंतरची गोष्ट जास्त रंजक वाटते. साम्राज्य कोसळल्यावर लोक या आखाड्याच्या आत राहायला गेले. कमानी बुजवल्या, वर बुरूज चढवले, मध्ये दोनशेहून जास्त घरं आणि दोन छोटी चर्च. आखाड्याचीच गढी झाली. वस्ती हलवून तो मोकळा करायचं काम १८२५ नंतर सुरू झालं. मध्ययुगीन बुरुजांपैकी तीन अजून उभे आहेत. एकावर चढता येतं, तिथून लाल कौलं, नदी आणि पलीकडे आल्पीय नावाच्या टेकड्या दिसतात. पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर आई-बाबांना खाली सावलीच्या बाजूला बसवा.

बैलांचं आता. आखाड्यात दोन वेगळे खेळ होतात आणि तिकीट काढण्याआधी फरक समजून घ्या. ‘कूर्स कामार्गेझ’ हा इथला अस्सल खेळ. पांढऱ्या कपड्यांतली तरुण पोरं बैलाच्या शिंगांना बांधलेली फीत नि गोंडे हिसकावून पळतात आणि कठड्यावरून उड्या मारतात. बैलाला मारत नाहीत, तो संध्याकाळी कुरणावर परत जातो आणि जाहिरातीवर नाव त्याचं असतं, पोरांचं बारीक अक्षरात. ‘कोरिदा’ मात्र स्पॅनिश धर्तीचा, त्यात बैल मारला जातो. फेरियात कोरिदा असतात. फलकावर कोणता शब्द आहे ते नीट वाचा.

आखाड्यालगतच रोमन नाट्यगृह. त्याचे फक्त दोन खांब पूर्ण उभे राहिलेत, त्यांना गावात ‘दोन विधवा’ म्हणतात. बाकी दगड लोकांनी घरं-चर्च बांधायला नेले. १६५१ मध्ये इथे सापडलेली व्हीनसची मूर्ती चौदाव्या लुईला नजर केली गेली, ती आता लूव्रमध्ये आहे.

ऊन चढलं की जमिनीखाली जा. नगरपालिकेच्या इमारतीतून जिना उतरला की क्रिप्तोपोर्तिक, म्हणजे रोमन बाजारचौकाला आधार म्हणून बांधलेली घोड्याच्या नालाच्या आकाराची भुयारं. बघायला दगड आणि अंधार एवढंच आहे, पण बाहेर पस्तीस अंश असताना ते पुरेसं आहे. वर आल्यावर समोरच्या चौकात सां-त्रोफिम चर्च. दाराभोवतीचं बाराव्या शतकातलं कोरीवकाम सावकाश बघा. मध्ये न्यायाला बसलेला ख्रिस्त, त्याच्या एका हाताला स्वर्गात निघालेली मंडळी, दुसऱ्या हाताला साखळीने बांधून नरकाकडे नेलेली. चर्च फुकट आहे, शेजारचा खांबांचा चौसोपी आवार पासवर. तिथे दुपारी सावलीत बसा.

संध्याकाळी आलिस्कां. ही गावाबाहेरची रोमन दफनभूमी, दोन्ही बाजूंनी झाडं आणि दगडी शवपेट्यांची रांग. १८८८ च्या ऑक्टोबराअखेर व्हॅन गॉगचा चित्रकार मित्र गोगँ आर्लला येऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा दोघांनी शेजारी-शेजारी उभं राहून हीच वाट रंगवली. दोन महिन्यांनी व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापल्याचं ते प्रकरण घडलं. ज्या इस्पितळात त्याला नेलं त्याचं अंगण त्याच्या चित्राबरहुकूम पुन्हा लावलंय. ते गावाच्या मध्यावर आहे, येता-जाता डोकवा.

वेळ उरला तर नदीकाठचं प्राचीन आर्लचं संग्रहालय. ते मंगळवारी बंद असतं. ऱ्होनच्या गाळातून काढलेली एकतीस मीटर लांबीची रोमन मालवाहू होडी तिथे अख्खी ठेवली आहे आणि २००७ मध्ये त्याच नदीत सापडलेला संगमरवरी अर्धपुतळाही, जो सीझरचा मानतात. होडीसाठी तरी जाच.

पोटाचं काय

व्हॅन गॉगने तो पिवळा कॅफे जिथे रंगवला त्या प्लास द्यु फोरम चौकात फोटो काढा, जेवायला मागच्या गल्ल्यांत जा. बहुतेक खानावळी दुपारी बारा ते दोन आणि रात्री साडेसातनंतर. तीन वाजता भूक लागली तर बेकरी हाच आधार.

गोमांस खात नसाल तर ‘तोरो’ हा शब्द पाठ करा. गार्दियान द तोरो म्हणजे बैलाच्या मांसाचा वाइनमधला रस्सा, तो इथल्या जवळपास प्रत्येक पाटीवर असतो. आर्लच्या सॉसेजमध्येही ते असू शकतं. शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘व्हेजेतारियें’ म्हणून थांबू नये. ‘सां व्यांद, सां पुआसों’, मांस नको, मासे नको, असं सांगावं. नाहीतर ऑलिव्हच्या काळ्या चटणीतून, म्हणजे तापेनादमधून, अँकोव्ही मासा येतो. सूप ओ पिस्तू ही बेसिलच्या चटणीची भाज्या-बीन्सची आमटी मिळाली तर सोडू नका. मार्सेयकडचं पानिस दिसलं तर घ्याच. चण्याचं पीठ शिजवून, थापून, कापून तळलेलं. पाटवडीची फ्रेंच मावसबहीण म्हणा, फक्त फोडणी नाही. पाणी मागताना ‘उन काराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं.

आणि कुठेही शिरताना आधी ‘बोंझूर’. प्रश्न त्यानंतर. हे विसरलात तर समोरचा माणूस ऐकू न आल्यासारखं करतो आणि आपण त्याला उद्धट म्हणत बसतो.

गुरुवार: कामार्ग

आर्लच्या जरा वर ऱ्होन दुभंगते आणि दोन फाट्यांच्या मध्ये समुद्रापर्यंत पाणथळ पसरते. भातशेती, मिठागरं, खारी तळी, पांढरे घोडे, काळे बैल. समुद्रकाठच्या सांत-मारी-द-ला-मेर या गावाला स्टेशनजवळून बस जाते, अडतीस किलोमीटर, तासाभराचा रस्ता. परतीच्या शेवटच्या बसची वेळ चढतानाच चालकाकडून पक्की करा. आम्ही सुट्टीच्या दिवसाचं वेळापत्रक न बघता निवांत आइस्क्रीम खात बसलो आणि टॅक्सीवर घालवलेल्या पैशांत दोन वेळचं जेवण झालं असतं.

गावाच्या चार किलोमीटर आधी पों द गो पक्षी उद्यान आहे, तिथे उतरा. मोठा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, इथे वर्षभर असतो. ठाण्याच्या खाडीत जे दिसतात त्यांत लहान रोहित जास्त आणि हा मोठा कमी. पण खाडीवर दुर्बीण लावून गुलाबी ठिपके मोजावे लागतात, इथे तो पंधरा-वीस पावलांवर चिखलात चोच उलटी घालून चरताना दिसतो. लांब बाह्यांचा शर्ट आणि डासांचं मलम हवंच. कामार्गचे डास आपल्या डासांना लाजवतील असे आहेत. पांढऱ्या घोड्यांच्या कळपात एखादं काळपट शिंगरू दिसलं तर ते परकं नाही. ही जात जन्मतः गडद असते आणि चार-पाच वर्षांत पांढरी होते.

तिथून गावात. चर्च किल्ल्यासारखं आहे, चाच्यांच्या भीतीने तसं बांधलेलं. खाली तळघरात उतरा. मेणबत्त्यांच्या धगीत काळी सारा उभी आहे, अंगावर एकावर एक चढवलेले झगे, भाविकांनी वाहिलेले. रोमा लोकांची ही देवता. त्यांच्या भाषेत ‘सारा ला काली’, काली म्हणजे काळीच. रोमा मूळचे भारतातून गेलेले आणि त्यांची भाषा आपल्या भाषांच्या कुळातली. पाण्याला पानी, नाकाला नाख, पाचाला पांज. २४ मे रोजी युरोपभरातून आलेले रोमा तिला खांद्यावर घेऊन समुद्रात उतरतात, पुढे पांढऱ्या घोड्यांवरचे स्वार. विसर्जनाची आठवण येते, पण मूर्ती बुडवत नाहीत, पाण्याला लावून परत आणतात. त्या दिवसांत जायचं असेल तर आर्लमध्येच राहा. तळघरात फोटोपेक्षा दोन मिनिटं गप्प उभं राहणं बरं, तिथे लोक खरोखर नवस बोलत असतात.

शुक्रवार: आल्पीय टेकड्या

या एका दिवसासाठी मोटार भाड्याने घ्या. बसने सां-रेमीला जाता येतं, पण वाटेतली ठिकाणं सुटतात. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचंय आणि चौकातल्या गोल वळणावर साधारणपणे आधीच आत असलेल्याला वाट द्यायची, हे मनाशी घोकून निघा.

आधी माँमाजूर, ९४८ मध्ये स्थापन झालेला मठ. मग फोंव्हियेच्या पुढे बार्बेगाल. पाटी लहान आहे, तिकीट नाही आणि माणूसही नाही. जलवाहिनीच्या तुटक्या कमानींतून चालत कड्यापर्यंत गेलात की खाली उतारावर रोमन पिठाच्या गिरण्यांचे अवशेष. दुसऱ्या शतकात इथे आठ-आठच्या दोन रांगांत एकाखाली एक अशा सोळा पाणचक्क्या फिरत होत्या. या सगळ्या दिवसात मला हीच जागा सगळ्यांत जास्त आवडली.

ले बो हे डोंगरमाथ्यावरचं किल्ल्याचं गाव, दहाच्या आत पोहोचा, नाहीतर गाडी लावायला जागा नाही. १८२१ मध्ये इथल्या लाल दगडाचा अभ्यास झाला आणि त्याला गावाचं नाव मिळालं: बॉक्साइट. कोल्हापूर जिल्ह्यात खणतात तेच. दुपारनंतर सां-रेमी. गावाबाहेर सां-पोल हे मनोरुग्णालय, जिथे व्हॅन गॉग मे १८८९ पासून वर्षभर राहिला आणि जिथे त्याने ती घोंगावणारी तारांकित रात्र रंगवली. रस्त्यापलीकडे ग्लानम, रोमन गावाचे अवशेष. जून ते सप्टेंबर वणव्याच्या धोक्यामुळे टेकड्यांवरच्या पायवाटा कधी कधी बंद ठेवतात. चालायचा बेत असेल तर आदल्या संध्याकाळी पर्यटन कार्यालयात विचारा.

शनिवार: बाजार आणि परतीची गाडी

बॅग हॉटेलातच ठेवून नऊच्या आत बुलवार दे लीस या बाजाराच्या रस्त्यावर पोहोचा. ऑलिव्ह, शेळीचं चीज, मध, जर्दाळू, कामार्गचा लाल तांदूळ. इथल्या भातशेतीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बळ आलं ते सक्तीने आणलेल्या व्हिएतनामी मजुरांच्या हातांनी, हे त्या सुबक पुड्यांवर लिहिलेलं नसतं. चीज चाखायला देतात, चाखून न घेता पुढे गेलात तरी कोणी रागवत नाही. फळांना मात्र हात लावू नका, विक्रेता निवडून देतो. कधी खाणार ते विचारतो: आज की उद्या?

साडेबाराला दुकानं आवरायला लागतात. गाडीत खायला ऑलिव्ह घातलेली फुगास रोटी घ्या, ‘लार्दों’ लिहिलेली असेल तर तिच्यात डुकराचं मांस आहे. ऑलिव्ह तेलाची बाटली घेतली असेल तर ती दोन टी-शर्टांत गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका, विमानात हातातल्या सामानातून ती काढून घेतात.